ताईची अमरावती

अकोला,
३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
खुशालचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ओरडून बोलणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र. भाऊजी गेले आणि तू तिवसा सोडून गोपालकडे अमरावतीला आलीस, त्याला पाच महिने झाले. काल गोपालनं फोनवर सांगितलं, की तू भाजी आणायला गेलीस आणि तीन तास सापडली नाहीस. तो बडनेऱ्याला रेल्वेत, सूनबाई पौर्णिमा बँकेत, आणि दिवसभर तू एकटी. एवढं वाढतं शहर या वयात झेपायचं नाही. मी सोळा तारखेला येतो. बॅग भरून ठेव. आता माझ्याकडेच राहायचं. तुझी भावजय सिंधू गेल्यापासून या घरात जागाच जागा आहे.

तब्येतीला जप, आणि धाकट्यावर माया असू दे.
तुझा खुशाल

अमरावती,
९ नोव्हेंबर

चि. खुशालले अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. बाबू, मी हरपली नोती, फिरून राहिली होती. आमच्या कॉलनीतल्या गल्ल्या साऱ्या एकसारख्या, म्हणून चुकली, हे खरं. एका ऑटोवाल्याले विचारलं. मोतीराम त्याचं नाव, चांदूर रेल्वेचा. तो म्हणे, मावशी, तुमचं घर तर दोन गल्ल्या मांगंच राहिलं, घाई आहे का? म्या म्हटलं, घरी कोणी नाई, मले कायची घाई? मंग त्यानं उडाणपुलावरून राजकमल चौकात नेलं. पुलावरून सारं शहर दिसते रे! अंबादेवीचं दर्शन झालं, गिला वडा खाल्ला. छत्री तलावावर माह्या वयाच्या बाया बूट घालून झपझप चालून राहिल्या होत्या. मी पाहातच उभी. एकीनं हात धरून मलेही चालवलं.

गोपाल लय रागावला. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी माह्या मापाचे बूट घेऊन आली. आता रोज जाते. परवा आमी बेलोऱ्याले विमान उतरताना पाहिलं. चाकं टेकली तशा साऱ्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

एक विचारते, राग मानू नको. तुले माही काळजी वाटून राहिली, का तुलेच घरात करमत नाई? बॅग तूच भरून आण, आठ दिवसांची.

जीव लावतोस, तसाच लावत राहा.
तुही ताई, पार्वता

अकोला,
२६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्या मागं चालताना मला धाप लागली आणि तू वळून हसलीस, ते अजून डोळ्यांपुढं आहे. भाऊजी गेल्यावर तुला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. उपनगर म्हणजे नुसतं सिमेंट, असं मी समजत होतो. पण तलावाकाठचा तुमचा तो घोळका दहा गावांतून आलेला, आणि एक बाई आली नाही तर बाकीच्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात. वाचनालयात तुमच्या कॉलनीतले चंद्रभानजी भेटले. मी गणिताचा मास्तर होतो हे कळताच दोन नातवंडांच्या वह्या त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढं ठेवली.

शेवटच्या दिवशी तू मुद्दाम कॉलनीतल्या बागेमागून नेलंस. एका घरावर 'दोन खोल्या भाड्याने देणे' अशी पाटी होती. तू सहज म्हणालीस, की अंगणात कडुनिंब मोठा छान आहे. मी तुझ्यावर खेकसलो, की मला काय करायचंय त्याचं. तू चालत राहिलीस. मूर्तिजापूरपर्यंत मी गाडीत रागातच होतो. इथं आल्यावर कुलूप काढलं, चप्पलही न काढता आधी टीव्ही लावला. कुणाचा तरी आवाज हवा होता. ताई, तू विचारलं होतंस ते खरं आहे. करमत नाही मला.

उद्या फिरायला जाशील तेव्हा तेवढी ती पाटी पाहून ये. अजून असली, तर काढायला सांग.

लोभ आहेच, तो आता जवळून मिळावा.
तुझा खुशाल