बारक्याची किंमत शून्य

३ जून

चि. भाऊस अनेक आशीर्वाद,

शिलाई मशीनची खडखड जरा थांबव आणि हे पत्र वाच. समजलं तर मलाही सांग. हे गेल्यापासून फुटबॉलचा संघ माझ्या गळ्यात पडलाय. मला वाटायचं, मालकाने पैसे असतील तर खेळाडू घ्यावा, नसतील तर गप्प बसावं. तसं नाही म्हणे. संघ जेवढं कमावतो त्यातला ठरावीक वाटाच खेळाडूंवर खर्चायचा, असा नियम आहे. आमचा खर्च त्याच्या वर गेलाय. मी म्हटलं, घर विकून भरते. हिशेबनीस म्हणाले, तुमचे पैसे ही संघाची कमाई नव्हे. माझ्याच संघात माझेच पैसे चालेनात.

खेळाडू विकून झालेला नफा मात्र कमाईत धरतात; तो महिनाअखेर दाखवला नाही तर पुढच्या मोसमात खेळूच देणार नाहीत. म्हणून आमच्या महागड्या खेळाडूला, लंबूला विकू म्हटलं, तर त्यातही गोम आहे. त्याला दोन वर्षांपूर्वी पाच वर्षांच्या कराराने घेतलं. पैसे तेव्हाच दिले, पण हिशेबात दर वर्षी पाचवा हिस्साच खर्ची पडतो. तीन हिस्से अजून बाकी, त्याहून कमी भाव आला की तोटा. मी विचारलं, मग आजवर तो अख्खा खेळला की हिश्शाने?

आता लिहायचं ते लिहवत नाही. तुझा बारक्या आमच्याच मैदानावर खेळत वाढला, कुणाकडून विकत घेतला नाही, म्हणून हिशेबात त्याची किंमत शून्य. त्याचे येतील तेवढे सगळे नफ्यात. दूरच्या एका संघाने त्याला मागितलंय. त्याच्या सहीशिवाय काही होत नाही, पण तो तुझ्या तोंडाकडे बघणार. घरात तुम्ही दोघंच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झालीय.

तुझी,
ताई

९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कालचा गोंधळ बरा होता असं वाटलं. एवढंच कळलं की माझा पोरगा शून्य आहे. त्याची आई गेल्यावर मी एका हाताने कापड कापलं आणि दुसऱ्या हाताने त्याला भरवलं. वर्षात दोनदा त्याचा अंगठा बुटातून बाहेर यायचा. ते कुणाच्या हिशेबात? हिशेबनिसांना विचार, बापाचा खर्च धरता येतो का. धरला की तो शून्य राहणार नाही, मग त्याला विकण्यात फायदाही उरणार नाही. एवढं गणित शिंप्यालाही येतं.

मला राग आलाय, पण तुझ्यावर नाही. कुणावर ते कळत नाही.

तुझा,
भाऊ

१५ जून

चि. भाऊस अनेक आशीर्वाद,

विचारलं. हिशेबनीस हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. म्हणाले, "बापाचा खर्च बापाच्याच घरी लागतो, बाई."

मी बारक्याला विकत नाही. गवत कापणारे, कपडे धुणारे, सगळ्यांचे पगार डोळ्यांपुढे नाचतात, आणि मी मूर्खपणा करतेय की शहाणपणा तेही कळत नाही. पण आत्या आधी, मालकीण मागाहून. जेवत जा वेळेवर.

ताई

२१ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र बारक्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, मला जायचंय. तुम्ही एकटे पडाल म्हणून बोललो नव्हतो." मी त्याच्यासाठी भांडत होतो आणि तो माझ्यासाठी गप्प होता. आता हसू की रडू, तूच सांग. तुझा संघ वाचला म्हणून तरी हसावं म्हणतो. त्याने सही केली. मी त्याच्या पिशवीची चेन बदलून दिली.

एक विचारायचंय. करार पाच वर्षांचा आहे. म्हणजे तिथेही दर वर्षी पाचवा हिस्सा उतरणार, आणि पाच वर्षांनी तो त्यांच्याकडेही शून्य होणार. तेव्हा एक पैसा न देता त्याला घरी आणता येईल ना? हे मला बरोबर समजलंय का, तेवढं हिशेबनिसांना विचारून लगेच कळव. बाकीचं नाही समजलं तरी चालेल.

लोभ आहेच, त्याला करार लागत नाही.

तुझा,
भाऊ