सातवी सळई

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी मिळालं. आम्ही ठीक आहोत, माझे गुडघे तेवढे ऐकत नाहीत. तुझी वहिनी म्हणते, जन्मभर दगडांना ठोकलंत, आता ते वसूल करतायत.

तर तुम्ही मायलेकी एकदाच्या युरोप बघायला निघालात, आणि सुरुवात नेमकी मी दोन वर्षं काम केलेल्या त्या जुन्या राजधानीपासून. काय काय बघायचं म्हणून विचारलंस. जुन्या पुलावर सकाळी लवकर जा, नंतर पाय ठेवायला जागा नसते. मोठ्या चर्चमध्ये खांबांच्या बुडाशी वाकून बघा, घडवणाऱ्यांनी आपापल्या खुणा कोरून ठेवल्यात. चौकातला घड्याळाचा मनोरा खालूनच छान दिसतो. वर चढू नका. वर काही नाही, नुसता वारा.

तुझ्या टकळीने परवा फोनवर सांगितलं, की ती मनोऱ्याच्या वरच्या सज्जात कठड्याला टेकून फोटो काढणार आणि मामाने बसवलेला कठडा म्हणून मैत्रिणींना दाखवणार. मी म्हणालो, गरम कपडे घ्या. मग तू फोनवर आलीस, तेव्हाही मी हवामानावरच गाडी नेली. म्हणून हे पत्र. त्यातही तुला आधी पुलावरून फिरवून आणलं.

आता सांगतो. तो कठडा बारा लोखंडी सळ्यांवर उभा आहे. प्रत्येक सळई हातभर दगडात जायला हवी. सातवं भोक पाडताना आत जुनं लोखंड लागलं. खरं तर मुकादमाला सांगायचं, दगड बदलायचा, पण त्यात दोन आठवडे गेले असते. थंडी सुरू झाली होती आणि माझा जीव घरी लागला होता. मी सळई कापून वीतभर ठेवली आणि वरून सिमेंट भरलं. तपासनीस दर तिसरी सळई ओढून बघतो, हे मला माहीत होतं. त्याने सहावी बघितली, नववी बघितली. सातवीवर हात टेकून माझ्याशी गप्पा मारल्या आणि शाबासकी दिली.

बाबांनी शिकवलं होतं, दगड बसवला की ठोकून ऐकायचा. पक्का असेल तर खणखणतो, पोकळ असेल तर बद्द वाजतो. त्या दिवशी आवाज बद्द आला. मी तो ऐकला आणि हत्यारं पिशवीत भरली.

याला नऊ वर्षं झाली. वाटायचं, धकून जाईल. मागच्या वर्षी टोळीतल्या एका जुन्या सोबत्याने कौतुकाने त्या सज्जाचा फोटो पाठवला. सातव्या सळईच्या बुडाशी गंजाचा ओघळ दिसतो, आणि दगडाला केसाएवढी भेग. मी फोटो बघितला, जेवलो आणि झोपलो. धाकटे, हेच मला खातंय. रोज परक्यांची पोरं तिथे टेकत होती आणि मला झोप लागत होती. आपली टकळी टेकणार म्हटल्यावर झोप उडाली. इतका हलका माणूस निघालो मी.

काल तुझ्या वहिनीला सांगितलं. तिने कागद आणि पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं. आज सकाळी मनोऱ्याच्या कार्यालयाला सगळं कबूल करून सहीनिशी पत्र पाठवलं, दुपारी फोनही केला. फोन घेणारी म्हणाली, साहेबांना कळवते. तिच्या आवाजावरून वाटलं, तिने ते लिहूनही घेतलं नसावं. उद्या पुन्हा करतो, परवाही करीन. तुला मात्र फोनवर सांगायची हिंमत अजून होत नाही.

तिथे पोचलात की आधी मनोऱ्याकडे जा. दार बंद असेल तर टकळीला सांग, मामामुळे बंद आहे, आणि का तेही सांग. उघडं असेल तर तिचा हात सोडू नकोस. दारातच उभी राहा, हे पत्र दाखव आणि कोणालाही वर जाऊ देऊ नकोस. लोक वेडी म्हणाले तरी हलू नकोस.

मनोऱ्याच्या कार्यालयाचं बोलावणं आलं की मी जाईन. तुझ्या घरी मात्र तू बोलावलंस तरच येईन.

अजून म्हणू देत असलीस, तर तुझा,
दादा