सोळा एमबीतला फवारा

२ ऑक्टोबर २०१७, सोमवार
बाबा शनिवारी कपाशीवर फवारणी करणार. मागच्या महिन्यात घरी भातकुलीला मास्क आणि हातमोजे नेऊन दिले. अजून पाकिटातच. शेजारच्या जिल्ह्यातून फवारणीच्या विषबाधेच्या बातम्या रोज येतात. मी घाबरलेली नाही. उपाय ठरला: शंभर सेकंदांची ॲनिमेशन फिल्म. विष नाकातून आत कसं जातं हे डोळ्यांनी दिसलं की माणूस मास्क लावतोच. व्हॉट्सॲपवर व्हिडिओला सोळा एमबीची मर्यादा आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर बाबांना उघडता येत नाही. किरकोळ अडचण.

३ ऑक्टोबर
फिल्म झाली. फाइल ३१२ एमबी. अजहरभाईंना दाखवली, त्यांच्याच स्टुडिओत मी काम करते. म्हणाले, अरे, सीधा फोन लगा ना बाबा को. मी म्हटलं, तोंडी सांगून सवय बदलत नाही. ते हसले. त्यांचा अनुभव लग्नाच्या व्हिडिओंचा आहे.

४ ऑक्टोबर
रिझोल्यूशन तेच, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, खाली. १५.८ एमबी. पाठवली. धाकट्या भावाचा, गोपालचा फोन: ताई, फवारा कुठी हाय? पंपातून ज्वारीच्या लाह्या उडून राहिल्या!
अपेक्षितच होतं. हजारो बारीक थेंब एकदम हलले की कॉम्प्रेशनमध्ये त्यांचे चौकोन होतात. अजहरभाई म्हणाले, थेंब काढ, नुसता पांढरा धूर दाखव. नकार दिला. थेंब हाच माझा मुद्दा आहे.

५ ऑक्टोबर, कोजागिरी
फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला चित्रं, पंचवीसवरून बारा. थेंब सुधारले. मास्क चढवणाऱ्या माणसाचा हात मात्र झटके खात तोंडावर येतो. आईने विचारलं, त्या बिचाऱ्याले उचकी लागली का वं? बाबांनी पाहिलीच नाही. ते दूध आटवत बसले होते.
रात्रीचे दोन वाजले, झोप येत नाही. कॉफी जास्त झाली.

६ ऑक्टोबर
सगळं नव्याने. ४८० रिझोल्यूशन, टू-पास एन्कोडिंग (आधी सगळी फिल्म तपासून मग दाबायची), मागचं शेत सपाट हिरवं, फ्रेम रेट पुन्हा पंचवीस. १५.६ एमबी. थेंब न् थेंब सुटा. रेंडर संपेपर्यंत उठले नाही, जेवले नाही. पाठवली.
बाबांनी दोनदा पाहिली. स्वतः फोन केला. म्हणाले, भारी हाय पोरी, त्याच्या मिशाबी दिसतेत. मास्कचं मी विचारलं नाही. गरज नव्हती. चित्र स्वच्छ आहे.

७ ऑक्टोबर, सरकारी दवाखाना
बाबांना सलाईन लावलंय. उलट्या थांबल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. गोपालने आणलं.
मास्क लावला नव्हता. शुद्ध नीट आल्यावर मी विचारलं, फिल्म दिसली नाही का बरोबर? म्हणाले, सारं दिसलं वं माय. पण नाक बांधलं तं वास कसा येईन? अन् वास नाही आला तं औषध अस्सल हाय का नकली, कसं समजन? मांगच्या साली दुकानदारानं बाटलीत औषध नाही, निरा पाणी देल्लं होतं. पहिला पंप भरला का हुंगून पाहाच लागते.
फिल्ममध्ये हे कुठेच नव्हतं. 
मग थोड्या वेळाने बाबांनी डोळे उघडले आणि समाधानाने सांगितलं, अस्सल होतं.