घोडीवरून दिसलेला उतार

हार्डिन, मोंटाना
१४ सप्टेंबर १९५८

प्रिय मेबल,

सत्तावीस वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र चुलीत घालू नकोस. आधी खुशाली सांगतो. उजवा गुडघा कामातून गेलाय, रणभूमीच्या संग्रहालयातून निवृत्त झालोय आणि दिवसभर घरात बसून बायकोचं डोकं खातोय. तुमच्या लेम डीअरला यंदा चोकचेरी भरपूर आल्या म्हणे. तुझ्या आजीनं त्यांच्या वाळवलेल्या वड्या माझ्यापुढे ठेवल्या होत्या. बियांसकट वाटलेल्या. अजून चव आठवते.

सध्या कॅप्टन थॉर्नबरीच्या आठवणी पुन्हा वाचतोय. काय सरळ माणूस होता! घोडदळातला दुसरा कुणी असता तर शायेनांशी झालेल्या त्या लढाईवर फुशारक्या मारल्या असत्या. यानं स्वतःची तुकडी दुपारभर टेकाडावर नुसती थांबून राहिली, हेसुद्धा लपवलं नाही. आणि तिथून काय पाहिलं तेही लिहिलं : नदीच्या उतारापाशी, जिथून पाणी ओलांडता येतं तिथं, चार-पाच शायेन बायका घोड्यांना झुडपं बांधून धूळ उडवत फिरत होत्या. मोठी फौज आली समजून आपले शिपाई मागे वळले, आणि तेवढ्या वेळात छावणीतली पोरंबाळं निसटली. 'इतकं धाडस त्या दिवशी आमच्या बाजूला मी पाहिलं नाही.' शत्रूबद्दल असं लिहायला छाती लागते.

तुझ्या आजी त्या बायकांतल्या एक होत्या. त्यांनीही तेच सांगितलं, आणि तू भाषांतर केलंस.

मी दोघांनाही खोटं ठरवलं. त्या टेकाडावर तीनदा उभा राहिलो होतो. मधे एक कड आड येते, उतार दिसतच नाही. म्हणून माझ्या पुस्तकात लिहिलं की कॅप्टननं मनानं रचलं आणि आजींनी ते ऐकून आपलं म्हणून सांगितलं. पुस्तक द्यायला आलो तेव्हा तू दारातूनच म्हणालीस, "घेऊन जा. आजीच्या घरात खोटं ठेवत नाही आम्ही."

जुलैत संग्रहालयानं नव्या फलकासाठी माझं मत विचारलं. गुडघ्यानं चढवेना, म्हणून शेजारच्या हेन्रीनं घोडी आणली. तो क्रो जमातीचा, तुम्हा शायेनांचा पिढीजात वैरी. "चढा मास्तर," म्हणाला, "घोडी म्हातारी आहे, पण तुमच्याहून शहाणी."

टेकाडावर पोचलो. उतरायचा कंटाळा आला म्हणून तसाच बसून राहिलो, आणि समोर पाणी चमकलं. सगळा उतार, दोन्ही काठ, अगदी वाळूसुद्धा. मी उतरलो : फक्त कड. हेन्रीला पुन्हा वर ढकलायला लावलं : उतार. तो पोट धरून हसला. "शायेन बाईचं खरं करायला क्रोची घोडी लागली! माझा बाप थडग्यात उठून बसेल."

कॅप्टननं पहिल्याच पानावर लिहिलंय की त्या दिवशी तो सकाळपासून खोगिरावरून उतरला नव्हता. त्या ओळीखाली मीच पेन्सिलीनं रेघ मारलेली आहे.

मेबल, आता जे टाळत होतो ते लिहितो. "तिथून दिसत नाही," असं मी म्हणालो तेव्हा आजी हसल्या आणि काहीतरी बोलल्या. तू जरा घुटमळलीस, मग म्हणालीस, "आजी विचारते, तुम्ही मोटारीनं आलात का?" मला राग आला. वाटलं, म्हातारी माझ्या नव्या फोर्डची टिंगल करतेय. तो प्रश्न वहीत लिहिला आणि पुस्तकातून गाळला. त्या मला उत्तर देत होत्या, आणि मी ते दडपलं. मला फार लाज वाटते.

वहीतलं ते पान सोबत पाठवतोय. माझी चूक संग्रहालयाला लेखी कळवली आहे, आणि फलकावर कॅप्टनच्या शब्दांच्या आधी आजींचे शब्द असतील असं त्यांनी मान्य केलंय. त्यांचं नाव कसं लिहायचं, ते तूच सांगायचं. मी एक अक्षरही लिहिणार नाही.

माफी खरं तर त्यांची मागायची होती. त्या गेल्या तेव्हा मी लेम डीअरला आलो होतो. तुम्हाला दिसलो नाही, कारण रस्त्यापलीकडे मोटारीतच बसून राहिलो.

तू बोलावलंस तर या वेळी उतरेन.

ऑर्विन हॅल्वरसन