मंजुळाची दाढ

१२ फेब्रुवारी १९९१
मंजुळाची दाढ काढली. गुलमंडीवरचे हे दातांचे डॉक्टर म्हणजे पैठणच्या काकासाहेबांचे मेहुणे. काकासाहेबांच्या मुलासाठी आमच्या आशाची बोलणी चालू आहेत — दुसऱ्याकडं गेलो असतो तर नावं ठेवली असती. डॉक्टरांनी विचारलं, "शुगर वगैरे?" ती सांगणार एवढ्यात मीच म्हणालो — छे, तसलं काही नाही! आईला शुगर म्हटलं की लोक मुलीकडं संशयानं बघतात. मंजुळा माझ्याकडं बघतच राहिली.

१५ फेब्रुवारी
ठणका थांबत नाही. मऊ भात कालवून दिला. दोन घास खाल्ले आणि चिडली. "शुगरच्या गोळ्या चालू हायेत म्हून सांगायला काय झालं होतं तुमाला?" म्हटलं, एवढी सोयरीक जमू दे.

१९ फेब्रुवारी
आठवडा झाला, खळगा तसाच. वास येतो. ती तोंडाला पदर लावून बोलते — माझ्याशीसुद्धा! पुन्हा डॉक्टरांकडं गेलो. "आतापर्यंत भरत यायला पाहिजे होतं. मिसरी लावता ना? बंद करा आधी." चांगलंच रागावले तिला. तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. मीही ऐकून घेतलं. नालायक माणूस मी.

२१ फेब्रुवारी
काकासाहेब येऊन गेले. आशा पसंत! मंजुळा सुजलेला गाल झाकून हसत होती.

२६ फेब्रुवारी
काल सणकून ताप. जबडा उघडेना. आशानंच रिक्षा आणली, मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तिनंच सांगून टाकलं, "आईला सहा वर्षांपासून शुगर हाय." तपासली तर चारशेच्या वर. तिथले डॉक्टर म्हणाले, साखर एवढी वाढली की जखम भरत नाही. पू हाडापर्यंत गेलाय, आता रक्तातही. आधी माहीत असतं तर साखर आटोक्यात आणूनच दाढ काढली असती. "सांगितलं नव्हतं का?" आशा माझ्याकडं बघत होती. मी उठून बाहेर गेलो.

२ मार्च
मंजुळा गेली. दुपारी सव्वातीनला.

५ मार्च
माझ्यामुळं गेली. हे इथंच लिहितो. दुसऱ्या कुणापाशी बोलायची छाती नाही.

१६ मार्च
काकासाहेब आले, एकटेच. म्हणाले, "नानासाहेब, आता लपवनं बरं नाय. आमच्या पोरालाच शुगर हाय, तीन वर्सं झाली. तुमी पोरगी देनार नाय म्हून दडवलं."

राग यायला हवा होता. मी त्यांचे दोन्ही हात धरून रडत सुटलो. मी मंजुळासाठीच रडतोय असं समजून ते पाठीवरून हात फिरवत राहिले.