शोभेची बटणं

रोज सकाळी लेकीला तयार करतानाची दहा मिनिटं वाचवायची, एवढाच तुझा फायदा होता. त्यासाठी आपल्या बबडीच्या पाचही शर्टांना शिंप्याकडून आतून टिचबटणं लावून आणलीस आणि खरी बटणं काजांवर नुसती शोभेला शिवून घेतलीस. डोकं सुपीक आहे हो तुझं!

शाळेतल्या थेरपीच्या बाईंनी तीन महिने तिच्या हट्टी बोटांना काजात बटण घालायला शिकवलं. बबडी घरून रोज नीट बटणं लावून येते म्हटल्यावर खूश होऊन त्यांनी तो सराव थांबवला. आज मोठ्या वर्गात घ्यायची चाचणी होती. बाईंनी शाळेतला शर्ट दिला. बबडीने दोन्ही कडा एकमेकींवर ठेवून दाबल्या, पुन्हा पुन्हा दाबल्या. बाईंनी विचारलं, "घरी कशी लावतेस गं?"

"विसरले," म्हणाली.

घरी आल्यावर मला कानात सांगितलं, "बाबा म्हणाले होते, बाईंना सांगायचं नाही."

मी तिला घेऊन परत शाळेत चालले आहे, खरं काय ते सांगायला. शर्ट आणि कात्री टेबलावर आहेत. टिचबटणं उसव, काजं मोकळी कर, बटणं स्वतः समोरच्या पट्टीवर शिव. शिंप्याकडे गेलास तर माझ्याशी गाठ आहे.

दहा मिनिटं तुला मिळाली. तीन महिने बाईंचे गेले, मोठा वर्ग बबडीचा हुकला. आणि तुझं नाव राखायला विसराळूही तीच ठरली.