वारा शिरेल असं हेल्मेट

॥ श्री ॥
विश्रांतवाडी, पुणे
२ एप्रिल २०२५

चि. ऋतिकास आजीचे पोटभर आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, म्हणून हसू नकोस. फोनवर तुझं बोलणं मला अर्धंच ऐकू येतं, पत्र कसं चारदा वाचता येतं. शाळा माझी तिसरीपर्यंतची, तेव्हा काना-मात्रा इकडंतिकडं झाली तर तू सावरून घे.

आधी गोड सांगते. कैऱ्या आल्या, तुझ्यासाठी साखरांबा घालून ठेवलाय. बरणीला हात लावायचा नाही असं तुझ्या बापाला बजावलंय. आता दुसरं. तुझे आजोबा सायकलवरून पडले. घाबरू नकोस, बरे आहेत. धानोरीच्या वळणावर खडी सांडली होती, चाक घसरलं, डोक्याला चार टाके पडले. टोपी रक्तानं भिजली, तर टाके घालायच्या आधी डॉक्टरांना म्हणाले, ती पाण्यात टाका, डाग बसेल.

रोज सकाळी लोहगावला आक्कांकडं जातात ते तुला ठाऊक आहे. आक्का थोरल्या, आता अंथरुणावरच असतात. भावानं केलेला चहा बशीत ओतून भावानंच पाजायचा, तेव्हा त्यांचा दिवस उजाडतो. तुझ्या बापानं, विक्रमनं, सायकलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. रिक्षानं जा म्हणाला. हे म्हणाले, रिक्षानं पाहुणे जातात, भाऊ जात नसतो. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं "मीठ सरकव" एवढंच. शेवटी तुझ्या बापानं अट घातली. हेल्मेट घालणार असाल तर किल्ली, नाहीतर अक्षयतृतीयेला सायकल वॉचमनला दान करणार. घरात पडलेलं स्कूटरचं हेल्मेटही काढून दिलं. हे ते घालून कोपऱ्यापर्यंत गेले आणि घामानं निथळत परत आले. म्हणाले, भरताच्या वांग्याला काय वाटत असेल ते आज कळलं.

ऊन तर असं आहे की सकाळी आठला अंगण चटके देतं. तू तिकडं बंगळूरला सायकलनंच ऑफिसला जातेस, तर डोकं शिजवणार नाही असं हेल्मेट कसं ओळखायचं ते लिही. मोठ्या अक्षरात लिही.

तिथं आशीर्वाद सांगायला तुझ्याजवळ कोणी नाही, म्हणून आरशातल्या पोरीलाच माझा आशीर्वाद सांग.

तुझी आजी,
मुक्ताबाई


बंगळूर
७ एप्रिल २०२५

ती. आजीस ऋतिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात उघडलं आणि तिथंच रडले. मग पप्पांना फोन करून भांडले. ते म्हणाले, अण्णा रस्त्यावर पडलेले मी बघितलेत, तू नाही बघितलेस. म्हणून आजी, हेल्मेट हवंच.

पण स्कूटरचं नको, ते जड आणि बंद असतं. सायकलचं वेगळं मिळतं. त्याला पुढं रुंद भोकं हवीत आणि मागंही हवीत. घरात समोरासमोर खिडक्या असल्या की वारा खेळतो ना, तसंच. आत बोट घालून बघ, पुढून मागं पन्हळीसारख्या खाचा लागल्या पाहिजेत. वरून भोकं आणि आत सपाट असेल तर ते शोभेचं. हातात हलकं लागायला हवं. रंग पांढरा घे, काळा तापतो. आतल्या गाद्या निघाल्या पाहिजेत, म्हणजे घामट झाल्या की धुता येतात. सुरक्षेची खूण आहे का ते दुकानदाराकडून बघून घे. खूण नसेल तर भोकं कितीही असोत, घ्यायचं नाही.

माप टेपनं घे, भुवयांच्या दोन बोटं वरून डोक्याभोवती. आजोबांना सांग, मला चहा पाजायला आता त्यांनाच बंगळूरला यावं लागेल, सायकल तोवर शाबूत ठेवा.

साखरांब्यावर आणि आजीवर हक्क सांगणारी,
ऋतिका


॥ श्री ॥
विश्रांतवाडी
१५ एप्रिल २०२५

चि. ऋतिकास आजीचे आशीर्वाद, डोक्यापासून पायापर्यंत.

अगं, मी एकटी शहरात जाऊन आले! विक्रम म्हणाला मोबाइलवर मागवू. मी म्हटलं, भोपळासुद्धा मी वाजवून घेते, हे तर यांच्या डोक्यावर बसायचं. यांचं माप घेतलं, साठ सेंटीमीटर भरलं. बसनं गेले, दगडूशेठला हात जोडले आणि सायकलच्या दुकानात शिरले. दुकानदारानं मांडली की दहा-बारा. एकाला भोकं चाळणीसारखी, पण बोट घातलं तर आत भिंत. म्हटलं, हे शोभेचं, ठेवा. मग तुझ्या सांगण्याबरहुकूम एक मिळालं. आत खाचा, मागं आवळायचं चक्र, गाद्या निघणाऱ्या, खूणही बघितली. ते मी पदरावरूनच डोक्याला लावलं आणि दुकानदाराला म्हटलं, आता टेबलफॅन लावा. दुकान बघत राहिलं. त्यानं विचारलं, आजी, रेस लावता का? म्हटलं, नवरा लावतो.

येताना बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं तर तिलाही बोट घालून दाखवलं.

इथवर सगळं छान. काल यांनी घातलं, चौकापर्यंत चालवून आले आणि पुन्हा तेच. घाम कपाळावरून डोळ्यांत, आणि हेल्मेट एका कानावर कललेलं, चक्र आवळूनही हलतंय. म्हणाले, ही भोकं मुंग्यांसाठी ठेवलीत. विक्रमनं ते कललेलं हेल्मेट बघितलं आणि किल्ली परत खिशात टाकली. हे दुपारी जेवले नाहीत. आक्कांचा रोज निरोप येतो, संभा का येत नाही म्हणून. बहिणीला पडल्याचं कळू द्यायचं नाही, म्हणून आम्ही सर्दी झाली सांगतो. महिनाभर कुणाला सर्दी असते का गं?

अक्षयतृतीया पंधरा दिवसांवर आली. माझं काय चुकलं ते सांग. टोपीवर नीट दाबून बसवलं होतं.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावलेली,
आजी


बंगळूर
२० एप्रिल २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

टोपीवर? आजी, तू आजोबांचं माप टोपीसकट घेतलंस?

पत्र वाचून मी एकटीच हसत सुटले, आणि मग आठवायला लागले, तर मलाही आजोबा टोपीशिवाय आठवेनात. तुझी चूक नाही ती. पण हेल्मेट उघड्या डोक्यावरच बसवायचं असतं. टोपी मध्ये आली की वारा भोकातून आत येऊन कापडावर थांबतो. आणि कापडावरून ते घसरतं. परत पडले तर ते टोपीबरोबर निघून येईल. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची.

आजोबा ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे. पण तू मनावर घेतलंस तर काय होतं हे सगळ्या विश्रांतवाडीला माहीत आहे.

तुझीच,
ऋतिका


॥ श्री ॥
विश्रांतवाडी
२८ एप्रिल २०२५

चि. ऋतिकास, नातीचं शहाणपण वाढतं राहो असा आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दुपारी हे झोपले होते, टोपी उशाशी. मी हळूच टेप फिरवली. सत्तावन्न! बावन्न वर्षं संसार केला आणि माणसाच्या डोक्याचं माप मला ठाऊक नाही. टाक्यांचा व्रण बघितला, बराच वेळ बघत बसले.

उठल्यावर सांगितलं, टोपी काढून घालायचं आहे. म्हणाले, मग सायकल वॉचमनला देऊन टाक. बोडक्या डोक्यानं आक्कांच्या दारात जाणार नाही. मी कधी न विचारलेलं तेव्हा विचारलं. तर सांगू लागले. वडील गेले तेव्हा हे दहा वर्षांचे. तेराव्याला आक्कांनी वडलांचीच टोपी यांना घातली, मोठी होत होती म्हणून आत चिंधी भरून. म्हणाल्या, आता घराला पुरुष तूच. तेव्हापासून आक्कांसमोर डोकं उघडं केलं नाही. हे सगळं भिंतीकडं बघून सांगितलं, माझ्याकडं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन लहान मापाचं बदलून आणलं आणि रिक्षा करून थेट लोहगावला गेले. सर्दीचं खोटं सोडून आक्कांना खरं सांगितलं. पडणं, टाके, सगळं. त्यांनी हेल्मेट मांडीवर घेतलं, भोकांत बोटं घातली आणि म्हणाल्या, त्याला उद्या पाठव.

काल हे रिक्षानं गेले, मी बरोबर. हेल्मेट माझ्या पिशवीत. आक्कांनी यांना जवळ बसवलं, टोपी स्वतःच्या हातानं उतरवली आणि व्रणावर बोट ठेवलं. यांची मान खाली. आक्का म्हणाल्या, "संभा, टोपी माझ्यापाशी राहू दे. डोकं तुझ्यापाशी राहू दे." मग हेल्मेट मागून घेतलं आणि यांच्या डोक्यावर ठेवलं. पट्टा मी लावला, हनुवटीखाली दोन बोटं ठेवून, दुकानदारानं दाखवलं होतं तसा.

आज सकाळी तसेच दारात उभे राहिले. विक्रमनं दोन्ही हातांनी हेल्मेट हलवून बघितलं, हललं नाही. किल्ली दिली आणि म्हणाला, अण्णा, पोचलात की फोन करा. हे म्हणाले, बघू. पण केला हो फोन.

परत आले तेव्हा नऊ वाजले होते, ऊन चढलेलं. मी पाणी घेऊन गेले. सायकल लावली, हेल्मेट काढलं, विरळ केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, "मुक्ते, डोक्याला वारा लागतो गं. विसरलोच होतो मी." आणि किती वेळ तसेच, उघड्या डोक्यानं, पायरीवर बसून राहिले. मी शेजारी बसले. चहा उतू गेला तो जाऊ दिला.

आता पुरे करते. तब्येतीला जप, जेवण टाळू नकोस, आणि म्हाताऱ्या आजीवर माया आहे तशीच राहू दे. पाकीट चिकटवायचं राहिलंय आणि हे दारातून घाई करतायत. पत्र टपालात टाकायला तेच निघालेत, सायकलनं.

तुझी,
आजी